जुन्या वळणाचा मतदार

महाराष्ट्रात हल्ली जुन्या वळणाच्या माणसाला पक्षच उरलेला नाही. आमचं वळण जपतो असं सांगणारे पुष्कळ आहेत. रोज रात्री नऊ वाजता टीव्हीवर ते घसा फोडून तसं सांगतात. पण संस्कृती घसा फोडून सांगणं हेच मुळात आमच्या वळणात बसत नाही, त्याला काय करणार?

आमच्या मागण्या तशा माफक. काल होतं ते आज असावं आणि बदलायचंच असेल तर चार दिवस आधी कानावर घालावं. सरकार बदलायचं तर निदान सकाळचा चहा होऊ द्यावा. २३ नोव्हेंबर २०१९ला पेपर दारात पडला, तेव्हा पहिल्या पानावर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार होते. चष्मा सापडेपर्यंत राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकलाही होता. राष्ट्रपती राजवट तर उजाडायच्या आतच उठली होती. पहाटे उठावं हा आमचाच संस्कार, पण तो कुणी इतका मनावर घेईल असं वाटलं नव्हतं. ते सरकार चौथ्या दिवशी गेलं आणि २८ तारखेला ठाकऱ्यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली. म्हणजे पेपरातली बातमी खरीच होती, फक्त पाच दिवस आधी छापून आली.

चिन्हांचं दुखणं याहून जुनाट. आजोबांच्या पिढीला बैलजोडी, मग गायवासरू, मग हात एवढं पचवायला पाव शतक मिळालं. आम्हाला फेब्रुवारी २०२३मध्ये धनुष्यबाण आणि फेब्रुवारी २०२४मध्ये घड्याळ, दोन्ही कुणाकडे गेलं ते नव्याने पाठ करावं लागलं. शिवाय मशाल आणि तुतारी वाजवणारा माणूस. आमच्यासारखे लोक सवयीने मत देतात. बटणापाशी विचार करायला लावणं हा आमच्यावर अन्याय आहे. साताऱ्यात त्या वर्षी लोकसभेला तुतारीवाल्या उमेदवाराचा पराभव ३२ हजारांवर मतांनी झाला आणि पिपाणीवाल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. त्यातली काही तरी आमच्याच मंडळींची असावीत.

टीव्हीचंही तसंच. दूरदर्शनवर प्रदीप भिडे सातच्या बातम्या देत, तेव्हा सरकार पडलं काय नि पाऊस पडला काय, आवाज तोच. ऐकणाऱ्याने घाबरायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. आता पडद्यावर आठ चौकटी, आठांचेही आवाज चढलेले आणि नववा सूत्रधार त्यांना शांत व्हा म्हणून ओरडतोय.

पण खरी भीती वाटते ती विसर्जन मिरवणुकीची. छातीत धडकी भरवणारा डीजे आणि डोळ्यांत घुसणारे लेझर, ज्यांच्यावर पुण्यात पोलिसांना बंदी घालावी लागली. त्याबद्दल ब्र काढावा, तर मंडळाचा पोरगा आपल्यालाच सुनावतो, "काका, परंपरा आहे आपली!" परंपरेच्या बाजूने आजवर मीच बोलत आलो, आता ती माझ्यावरच सोडली जाते.

त्याला उलट उत्तरही देता येत नाही. सार्वजनिक गणपती १८९२चा की १८९३चा, भाऊसाहेब रंगारींचा की टिळकांचा, हा वाद पुण्यात अजून चालू आहे (तो वाद हीच आता एक परंपरा झाली आहे, आणि ती मात्र मोडू नये). पण कुणाचाही असो, त्या काळी तो नवाच होता. देव्हाऱ्यातला देव रस्त्यावर आणला म्हणून नाक मुरडणारा एखादा जुन्या वळणाचा गृहस्थ तेव्हाही माडीवर उभा असणारच. आज त्याच मांडवात आम्ही भक्तिभावाने आरती म्हणतो. या हिशेबाने डीजेलाही नुसता वेळ मिळायचा अवकाश आहे. शंभर वर्षांनी तो बंद करायची वेळ येईल, तेव्हा "हा आमच्या पूर्वजांचा ठेवा आहे" म्हणत माझाच कुणी पणतू कानात कापसाचे बोळे घालून मोर्चात पुढे उभा असेल.