घरच्या घरी फोनिक्स : पालकांसाठी सुलभ नियमावली

शेजारच्या चार वर्षांच्या मुलाने लिफ्टमधली इंग्रजी सूचना वाचून दाखवली, की आपल्या घरी फोनिक्स सुरू करण्याचा मुहूर्त आला असं समजावं. आपल्या मुलाची तयारी झाली आहे का, हा प्रश्न गौण आहे.

साहित्य : फ्लॅशकार्डं, फ्रिजवर चिकटणारी चुंबकाची अक्षरं आणि आजी. आजी टाळता येत नाही, म्हणून ती साहित्यातच धरावी.

पहिला नियम : घरात एबीसीडी बंद. इथे ‘सी’ला ‘सी’ म्हणणं हा गुन्हा आहे, त्याचा आवाज ‘क्’. क्रमही निराळा. जॉली फोनिक्स या शिकवण्याच्या पद्धतीत सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन अशी होते, कारण एवढ्या सहा अक्षरांत सॅट, पिन, टॅप, टिन असे बरेच शब्द जुळतात. यात नवीन काय, असं आजी विचारेल. तिनेही क ख ग सोडून ग म भ न पासूनच मुलं शिकवली होती. तिला उत्तर देऊ नये. ती माळ्यावरून पाटी काढेल.

आता खरा अडथळा. तो मुलात नसून तुमच्या तोंडात आहे. आपलं प्रत्येक व्यंजन जन्मतःच पोटात ‘अ’ घेऊन येतं. त्यामुळे तुम्ही प्रेमाने ‘बऽ, ॲ, टऽ’ म्हणता आणि मूल प्रामाणिकपणे ‘बॲट’ वाचतं. मग तुम्ही त्याच्यावर डोळे वटारता. वास्तविक त्याने तुम्ही दिलेलाच माल जोडला. म्हणून पालकांनी आधी आठवडाभर, शक्यतो बाथरूमचं दार लावून, व्यंजनांचे पाय मोडण्याचा सराव करावा : ब्, ट्, प्, क्. आवाज निघता निघता तोंड बंद झालं पाहिजे. बाहेरून कुणी ‘बरं नाही का?’ विचारलं, तर उच्चार जमू लागला आहे.

प्रत्येक आवाजाला हावभाव असतो. ‘ॲ’साठी दंडावर मुंग्या चढल्यासारखी बोटं चालवायची, ‘ट्’साठी टेनिस बघितल्यागत मान इकडून तिकडे वळवायची. पहिल्याच्या वेळी आजी गादी झटकून हळद टाकेल, दुसऱ्याच्या वेळी मानेला बाम चोळेल. धडा थांबवू नये.

नंतर आवाज जोडणे. मूल ‘स्, ॲ, ट्’ अगदी बिनचूक म्हणेल, क्षणभर थांबेल, चित्राकडे बघेल आणि आत्मविश्वासाने ‘मांजर’ म्हणेल. चित्र हाताने झाका. मग ते तुमचा चेहरा वाचेल. तोही झाका. एकदाचं ‘सॅट’ आलं, की व्हिडिओ काढायला धावू नये; धावलात, तर पुढचे चार दिवस ते कॅमेऱ्याशिवाय वाचणार नाही. दहा मिनिटांत धडा आटोपावा. फोनिक्सला तेवढं पुरतं, उरलेली पन्नास मिनिटं पालकांच्या हौसेची असतात.

गाडी रुळावर आली, की इंग्रजी भाषा स्वतः आडवी येते. ‘एस-ए-आय-डी’ हा शब्द नियमाने ‘सेड्’ असा ए लांबवून वाचायला हवा, तो निघतो आखूड. ‘डब्ल्यू-ए-एस’मध्ये ‘ॲ’चा ‘ऑ’ होतो आणि ‘स्’चा ‘झ्’. ‘असं का?’ या प्रश्नाला ‘मोठा झालास की कळेल’ हे उत्तर वापरावं. तुम्हालाही तेच मिळालं होतं आणि अजून कळलेलं नाही.

इंग्लंडमध्ये 2012पासून पहिली इयत्ता संपता संपता मुलांची फोनिक्स तपासणी होते. चाळीस शब्द, त्यातले वीस निखालस निरर्थक, शेजारी काल्पनिक प्राण्यांची चित्रं. हेतू हाच, की मुलाने पाठांतर किंवा अंदाज न करता अक्षरं वाचावीत. घरीही असे शब्द बनवून बघायला हरकत नाही, फक्त पाहुण्यांसमोर नको. मुलाने ‘स्निप्टॅन’ वाचलं, की काका मान डोलावतात आणि हळूच मोबाइलवर अर्थ शोधू लागतात.

एक फायदा मात्र कुणी सांगत नाही. मुलाला अक्षरांचे आवाज येतात, नावं येत नाहीत. त्यामुळे ‘सी-ए-के-ई मागवायचा का?’ असं त्याच्यादेखत विचारणं काही महिने सुरक्षित राहतं. तेवढ्या काळात खाऊन घ्यावा. आजीला मात्र या गुप्त भाषेत घेऊ नये. ती अर्थ विचारेल, मोठ्याने.