टाच उचलली की रिजेक्ट

चाकणला क्वालिटीत काम करणारा माणूस कंपनीतून सुटतो, क्वालिटीतून सुटत नाही. आमच्या भोसरीच्या जिममधले साहेब त्यातलेच. फर्स्ट शिफ्ट संपवून, तळेगाव चौकातलं ट्रॅफिक पचवून कंपनीच्या बसमधून उतरले की थेट जिम. गळ्यातलं आयकार्ड तसंच. स्वतः बारला हात लावायच्या आधी ते रॅकपाशी उभे राहून दुसऱ्यांचे फ्रंट स्क्वॉट तपासतात.

"कोपर पडलं! कोपर पडलं की बार पुढं घरंगळतो, बार पुढं आला की पाठ वाकते. रूट कॉज कोपरात आहे, पाठीला कशाला शिव्या देता?"

सांगतात ते शंभर टक्के बरोबर असतं, हीच पंचाईत. बार मुठीत आवळू नका, गळ्याजवळ खांद्यांवर टेकवा. बोटं नुसती आधाराला. मनगट दुखतंय? हातांची फुली घाला. गुडघे पंजांच्या रोखानं, छाती वर. आणि टाच उचलली की "रिजेक्ट!" एकाच्या पाठीला तर त्यांनी मोबाइलमधला कोनमापक लावला होता.

कुणी कुरकुरलं की वडगाव मावळच्या हर्षदा गरुडचा दाखला. २०२२ साली ग्रीसमध्ये ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत ४५ किलो गटाचं सुवर्ण. क्लीन अँड जर्कमध्ये ८३ किलो! "खांद्यावर झेललेलं वजन घेऊन खालून उठायचं, म्हणजे फ्रंट स्क्वॉटच की! आपल्या मावळातली पोरगी आहे, आणि तुम्ही रिकाम्या बारला कण्हताय."

परवा लातूरकडचा एक आयटीआयवाला ट्रेनी आला. वीस किलोचा बार खांद्यावर घेऊन पार खाली बसला. टाच जागेवर, पाठ ताठ. साहेब चारी बाजूंनी फिरले. दोष सापडेना, तसे बेचैन झाले.

"कुठं शिकलास रे?"

"शिकलो कुठं नाही साहेब. खुरपायला बसलं की दिवसभर उकिडवंच."

नाइलाजानं "ओके" मिळालं. मग पोरं म्हणाली, "साहेब, आता तुम्ही."

साहेबांनी इकडंतिकडं बघत टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेटा सरकवल्या.

"साहेब, हे चालतं?"

"डेव्हिएशन आहे. कस्टमरची मंजुरी घेतलीय."

"कस्टमर कोण?"

"माझा घोटा. आणि कस्टमरशी वाद घालायचा नसतो!"