सहायकाचा पायगुण

2014च्या जानेवारीत अलाबामा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी मुख्य प्रशिक्षक निक सेबननी लेन किफिनला सहायक प्रशिक्षक नेमलं आणि चाहत्यांनी नाकं मुरडली. साहजिकच! चार वर्षांपूर्वी टेनेसीला एकाच हंगामात रामराम ठोकून गेलेला, पुढे साउदर्न कॅलिफोर्नियाने पहाटे विमानतळावरच नारळ दिलेला माणूस. असला जावई कोण करून घेतं? मग त्याच हंगामात अलाबामाच्या अमारी कूपरने 124 झेल घेतले. लगेच 'आम्ही म्हणतच होतो' सुरू. (कोण म्हणत होतं, कधी, ते विचारायचं नाही.) 2017च्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्याला आठवडा उरला असताना किफिन निघाला. सामना प्रतिस्पर्धी क्लेमसनने 35-31 असा जिंकला. नाकं पुन्हा मुरडली, यावेळी त्याच्या जागी आलेल्या सहायकाकडे बघून.