पैसे मोजून हमाली

जबलपूरकडच्या मझौलीच्या बसस्टँडवर प्रवाशाला काहीही करावं लागत नाही. तो नुसता उभा राहिला तरी कंडक्टर "सिहोरा, सिहोरा" ओरडत येतो, त्याच्या हातातली पिशवी हिसकावतो, टपावर फेकतो, त्याला ढकलून खिडकीशी बसवतो आणि बस बरीच पुढे गेल्यावर आठवण झाली की पैसे मागतो. तिकीट मिळेलच असं नाही, जागा मिळते. प्रवाशाने फक्त बसायचं. कापडाच्या दुकानात तर त्याहून थाट. गादीवर टेकलं की चहा, आणि चहा संपेपर्यंत दुकानातला पोऱ्या ढीगभर साड्या उलगडून मोकळा. त्यातली एकही न घेता उठलं तरी शेठ हात जोडतो, "फिर आना, भाभीजी."

अशा राजेशाहीत जन्म काढलेले मझौलीचे एक निवृत्त मराठी मास्तर सपत्नीक युरोपला जाऊन आले. गाव त्यांना मास्साब म्हणतं, आपणही तेच म्हणू. परत आल्यावर जो तो विचारायला लागला, कसं आहे युरोप? मास्साबांचं उत्तर ठरलेलं. "सुंदर आहे. पण काम फार पडतं."

लोकांना वाटलं, पोरीने जावयाच्या घरी भांडी घासायला लावली. तसं नव्हतं. युरोपने लावली.

काम घरूनच सुरू होतं. शेंगेन व्हिसाची फी 11 जून 2024 पासून 80 ची 90 युरो झाली. नकार आला तर फी परत नाही. वर निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा, बँकेचा हिशेब, हॉटेलांची बुकिंगं, कुठल्या दिवशी कुठे झोपणार याची यादी. ज्या माणसाने उभ्या हयातीत शाळेची तपासणीसुद्धा "होईल, बघू" म्हणत निभावली, त्याने तीन आठवडे आधी लिहून दिलं की मंगळवारी रात्री आपण ल्यूसर्नला असू. वाटेत खायला म्हणून कटंगीचे रसगुल्ले न्यायचं ठरलं होतं. तेही बारगळलं. युरोपीय संघात प्रवाशाला बाहेरून दुधामांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. डब्यात चकल्या गेल्या. चकल्यांबद्दल ब्रुसेल्सने अजून काही ठरवलेलं दिसत नाही.

पहिला टप्पा टूरबरोबर होता. मराठी माणसाला ग्रुप टूर का आवडते याची पुष्कळ कारणं सांगतात. जेवण, सोबत, भाषा. खरं कारण एकच. तिथलं काम दुसरा कोणी करतो. तिकिटं तो काढतो, डोकी तो मोजतो, पोहे कुठे मिळतील तेही तोच शोधतो. केसरी 1984 पासून आणि वीणा वर्ल्ड 2013 पासून हा धंदा करताहेत आणि तो जोरात चालतो, कारण त्या युरोप विकत नाहीत, युरोपातल्या कामातून सुटका विकतात.

मात्र एका माणसापुढे टूर मॅनेजरचंही चालत नाही. तो म्हणजे बसचा ड्रायव्हर. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी चालवली की त्याने 45 मिनिटं विश्रांती घ्यायची, आणि दिवसाला 9 तासांच्या वर चालवायचं नाही, आठवड्यातून दोनदा फार तर 10. हे सगळं गाडीतलं यंत्र नोंदवतं. त्यामुळे "भैया, जरा इथे थांबव, फोटो काढायचाय" हे वाक्य तिथे निरुपयोगी आहे. आपण काचेच्या दुकानात उशीर केला तर ड्रायव्हर रागावत नाही, फक्त त्याचे तास संपतात आणि संध्याकाळचा राजवाडा रद्द होतो. मझौलीच्या ड्रायव्हरला झोप आली तर तो तंबाखू मळतो. तिथल्याच्या झोपेला कायदा आहे.

टूर संपली, मास्साब आणि त्यांच्या पत्नी, काकू, पोरीकडे बर्लिनला सुटे झाले आणि खरी नोकरी लागली.

बर्लिनच्या भुयारी रेल्वेला फाटकं नाहीत. कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही. मास्साबांना वाटलं, रामराज्य. मग पोरीने समजावलं की यंत्रातून तिकीट स्वतः काढायचं, कागदी असेल तर फलाटावरच्या दुसऱ्या यंत्रात स्वतःच छापून घ्यायचं, आणि छापलेलं नसेल तर ते तिकीट असूनही नाही. साध्या कपड्यातला तपासनीस अचानक उठतो आणि 60 युरो घेतो. म्हणजे कंडक्टरचं सगळं काम आपण करायचं आणि चुकलो तर दंडही आपणच भरायचा. पुढे पोरीबरोबर इटलीत फिरले, तिथेही प्रादेशिक गाडीच्या कागदी तिकिटाचं तेच. तिथे मास्साबांनी धास्तीने मिळेल तो कागद यंत्रात घातला, त्यात कॉफीचं बिलही होतं.

भाड्यांचं गणितही पाठ करावं लागतं. पॅरिसमध्ये 2025 च्या जानेवारीत मेट्रोचं तिकीट अडीच युरो झालं. रोमला दीड युरोत 100 मिनिटं. व्हेनिसला होडीबस साडेनऊ युरो आणि मुदत 75 मिनिटं. युरो शंभर रुपयांच्या पुढेमागे धरा आणि भेडाघाटच्या पंचवटी घाटावर नावाड्याशी घातलेला वाद आठवा. तो बिचारा संगमरवराच्या खडकांवर तुकबंदी ऐकवत वल्हवतो, आणि आपण उतरताना त्याला विचारतो, इतके कसले? व्हेनिसच्या खलाशाला कोणी विचारलं नाही. तिथे तर 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरतं गावात शिरायचेही 5 युरो पडायला लागले. काकूंनी ते भरले आणि पावती जपून ठेवली. लक्झेंबर्गमध्ये 29 फेब्रुवारी 2020 पासून बस, ट्राम, रेल्वे सगळ्यांना फुकट आहे, फक्त पहिल्या वर्गाचे पैसे पडतात. अर्थातच त्या देशात आपल्याला कोणी विशेष नेत नाही.

आता खरेदी. ज्या बाईने जबलपूरच्या बड्या फुहाऱ्यावर शंभराची वस्तू कधी साठाच्या वर घेतली नाही, ती युरोपात किमतीच्या चिठ्ठीपुढे हात जोडून उभी राहते. पॅरिसच्या दुकानात शिरताना आधी "बाँजूर" म्हणायचं असतं. ते न म्हणता भाव विचारला तर विक्रेती असा चेहरा करते की आपण तिच्या स्वयंपाकघरात चपलेने शिरलो. इटलीच्या सुपरमार्केटात फळ दाबून बघायचं नाही. प्लास्टिकचा हातमोजा घाला, उचला, वजनकाट्यावर ठेवा, फळाचा नंबर दाबा, चिठ्ठी काढा, चिकटवा. इतकं सगळं करून पैसे आहेतच. काकू म्हणाल्या, "अहो, मग दुकानदार करतो काय?" प्रश्न चोख होता. उत्तर कोणाकडे नव्हतं.

जर्मनीच्या स्वस्त सुपरमार्केटात दुकानदार एक काम मात्र करतो. तो बसून, अमानुष वेगाने, सामान यंत्रावरून पुढे ढकलतो. पिशवी आपली, भरायचं आपण, आणि मागच्याचं दूध आपल्या टोमॅटोवर येऊन आदळायच्या आत भरायचं. मास्साबांनी चाळीस वर्षं पोरांना वेळ लावून गणितं सोडवायला लावली होती. त्याची फेड झाली.

रविवारी हेही नाही. जर्मनीत दुकानं बंद. 1919 च्या वायमार घटनेतलं रविवारच्या विश्रांतीचं कलम आजच्या जर्मन घटनेत जसंच्या तसं ठेवलेलं आहे. मोठ्या रेल्वे स्टेशनातल्यासारखी मोजकी दुकानं तेवढी उघडी असतात. म्हणून दर रविवारी परदेशी माणसं सुटकेस न घेता स्टेशनवर जाताना दिसतात. ती दूध आणायला निघालेली असतात.

आठवण म्हणून काय आणावं यावर तर ग्रंथ होईल. स्वित्झर्लंडची म्हणून काकूंनी ल्यूसर्नला लाकडी कोकिळेचं घड्याळ घेतलं. ते मुळात जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं. पॅरिसहून आयफेल टॉवरच्या किल्ल्या अडकवायच्या कड्या आणल्या. मझौलीत वाटल्या, तेव्हा एका पोराने उलटून बघितल्या आणि चीनचं नाव वाचून दाखवलं. इटलीत रस्त्यावर पसरलेल्या नामांकित कंपन्यांच्या बॅगांचा मोह पडला होता. पोरीने हात धरून ओढलं म्हणून बरं. तिथे नकली माल विकणाऱ्यालाच नव्हे, घेणाऱ्यालाही शिक्षा, दंड 300 ते 7,000 युरो. आपल्याकडे नकली घेणाऱ्याला हुशार म्हणतात.

आणि कर परतावा! खरेदीवर भरलेला व्हॅट पर्यटकाला परत मिळतो, हे ऐकून मास्साबांच्या डोळ्यात पाणी आलं. पुढची माहिती ऐकून ते सुकलं. फ्रान्समध्ये 100 युरोच्या वर खरेदी हवी, इटलीत फेब्रुवारी 2024 पासून 70 च्या वर, जर्मनीत 50 च्या वर. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यायचा, वस्तू न वापरता जपायची, युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर रांग लावून कस्टमचा शिक्का घ्यायचा. स्वित्झर्लंड संघात नाही, त्याचा हिशेब वेगळा. ब्रिटनने तर 2021 च्या 1 जानेवारीपासून ही सोयच काढून टाकली, त्यामुळे लंडनच्या बिलांचे फक्त बुकमार्क होतात. मास्साब फ्रँकफुर्टला विमानाच्या चार तास आधी पोचले, कारकुनासारखे फॉर्म लावून उभे राहिले. मध्यस्थ कंपनीचा वाटा कापून जे हातात आलं त्यात दोघांची कॉफी झाली. सामोसा झाला नसता.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवा, कारण यात आपली माणसं हमखास फसतात. कार्ड घासल्यावर यंत्र प्रेमाने विचारतं, पैसे रुपयांत घेऊ की युरोत? रुपये बघून आपल्याला माहेरचं कोणी भेटल्यासारखं होतं आणि आपण तेच बटण दाबतो. तो दर यंत्रवाला ठरवतो आणि स्वतःच्या सोयीने ठरवतो. युरोच दाबा.

या सगळ्या हमालीत मास्साबांना एकच काम मनापासून आवडलं. जर्मनीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 2003 पासून अनामत असते, आता बाटलीमागे 25 सेंट. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली की चिठ्ठी मिळते. बाटलीचे पंचवीस रुपये! मझौलीचा कबाडी पोतंभर बाटल्यांचे इतके देत नाही. तिसऱ्या दिवशी मास्साब सकाळच्या फेरफटक्याहून पिशवी खुळखुळवत परतायला लागले. पोरीने हात जोडले. बागेतल्या बाटल्या तिथले गरीब लोक वेचतात, बाबा, शेजारी काय म्हणतील. मास्साब हिरमुसले. युरोपात पहिल्यांदाच त्यांना कामाचा मोबदला मिळत होता.

जर्मनीत 2015 साली किमान वेतन लागू झालं ते तासाला साडेआठ युरोने. 2026 च्या जानेवारीत ते 13.90 झालं. माणसाचा तास इतका महाग असेल तर तुमच्यासमोर ढीगभर साड्या कोण उलगडणार? तुमचे सफरचंद कोण तोलणार, पिशवी टपावर कोण फेकणार? मझौलीत हे सगळं होतं, कारण साड्या उलगडणाऱ्या पोऱ्याच्या दिवसाला युरोपातल्या दोन कॉफ्या येत नाहीत. आपण त्याला आदरातिथ्य म्हणतो. शेठ त्याला बचत म्हणतो. पोऱ्याला अजून कोणी विचारलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात पोरीच्या कचेरीतला एक जर्मन सहकारी मझौलीला येऊन गेला. त्याला विष्णुवराहाचं मंदिर दाखवलं. कलचुरी काळातला तो वराह, अंगभर देवतांच्या रांगाच रांगा कोरलेल्या. गडी हरखला, पण पहिली दहा मिनिटं तिकिटाचं यंत्र शोधत होता. तिकीट नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. मग त्याला भेडाघाटला नेलं. धुआंधार धबधब्याच्या वाटेवर दगडी मूर्तींची दुकानं आहेत. त्याने एक गणपती उचलला, किंमत विचारली, दुकानदाराने पाहुणा बघून आठशे सांगितली आणि त्याने आठशे काढून दिले. एकही शब्द न बोलता. वर "थँक यू". काकू मागून धावत आल्या तोवर व्यवहार झाला होता. त्यांनी दुकानदाराला भर रस्त्यात असं झापलं की त्याने आणखी एक नंदी फुकट दिला.

तेव्हा तुमच्याकडे तिकडचे पाहुणे यायचे असतील तर त्यांना दुकानाबाहेर उभं करा आणि भाव तुम्ही करा. आणि तुम्ही तिकडे निघाला असाल तर पिशवी घरून न्या, तिकीट छापून घ्या, आणि दूध शनिवारीच आणून ठेवा.