बाटल्या धुता धुता

पदवीच्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी प्रयोगशाळेत शिरतो तेव्हा डोळ्यांसमोर नोबेल असते; हातात मात्र पिपेटच्या टिपांचा डबा पडतो. ९६ भोकांत ९६ टिपा खोचायच्या, ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना इडल्यांसारख्या वाफवायच्या, की पुढचा डबा हजर. बायोडेटात याला ‘संशोधनाचा अनुभव’ म्हणतात.

परंपरा मात्र थोर आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या खोलीत फळमाश्या दुधाच्या बाटल्यांमध्ये केळी खाऊन नांदत. त्या बाटल्या धुवायला ठेवलेल्या कॅल्विन ब्रिजेस या विद्यार्थ्याने जाड काचेआडून शेंदरी डोळ्यांची माशी हेरली आणि त्याची मोरीतून सुटका झाली. त्याच खोलीतला आल्फ्रेड स्टर्टेव्हंट त्याहून बिलंदर! १९११मध्ये या पठ्ठ्याने कॉलेजचा गृहपाठ बाजूला सारून एका रात्रीत जनुकांचा जगातला पहिला नकाशा काढला. गृहपाठाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

१९३३चे नोबेल एकट्या मॉर्गन यांना मिळाले. पण बक्षिसाच्या रकमेतला वाटा त्यांनी या दोघांच्या मुलांनाही दिला.

आजचे सर तितके उधळे नाहीत. शोधनिबंधाच्या तळाशी, आभारात, फ्रीजच्या देणगीदारानंतर ते विद्यार्थ्याचे नाव घालतात. स्पेलिंग चुकवून.