पंचाची घाई, पंचाची दिरंगाई

काझुशी साकुराबाच्या बाबतीत पंचाने घाई केली ती एकदाच. डिसेंबर 1997, योकोहामा, यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स संघटनेची स्पर्धा. जपानचा हा व्यावसायिक कुस्तीगीर धिप्पाड कॉनन सिल्वेराचा पट काढायला खाली गेला आणि पंचाला वाटलं, गडी बेशुद्ध! झुंज थांबवली. साकुराबाने वाद घातला, निकाल रद्द झाला. त्याच रात्री पुन्हा भिडून त्याने सिल्वेराचा हात असा ताणला की स्पर्धाच खिशात.

मग आली ग्रेसी मंडळी, ब्राझिलियन जुजुत्सूची जहागीर सांभाळणारी. 1 मे 2000, टोकियो डोम. रॉयस ग्रेसीच्या गोटाची अट : वेळेची मर्यादा नको, पंचाने मध्ये पडायचं नाही. मिळालं की! पंधरा-पंधरा मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या. साकुराबाने लाथांनी त्याच्या मांड्या सडकल्या, वर गड्याचा पायजमा ओढायची चेष्टाही केली. नव्वद मिनिटांनी शरणागतीचा टॉवेल पडला तो ग्रेसींच्याच कोपऱ्यातून. ऑगस्टमध्ये रेन्झो ग्रेसीचा हात साकुराबाच्या किमुरा डावात निखळला. 1951 मध्ये जुदोपटू मासाहिको किमुराने याच घराण्यातल्या हेलिओचा हात याच डावाने मोडला होता. घराण्याची परंपराच म्हणायची.

आणि साकुराबा नावाच्या या वाघाचा खुराक? सिगारेट आणि दारू. आपल्या तालमीतल्या वस्तादांच्या हातून बदामाची थंडाई सांडेल.

अशा माणसावर जपान फिदा झाला आणि तिथेच घात झाला. लाडका गडी तिकिटं खपवतो; त्याला 'बस कर' कोण सांगणार? नव्वद मिनिटांच्या त्या झुंजीनंतर त्याच रात्री त्याला कितीतरी जड इगोर वोवचान्चिनपुढे उभं केलं. ब्राझीलच्या वांडरले सिल्वाने त्याला तीनदा झोडपलं, तरी आयोजकांची हौस फिटेना. 2006 मध्ये लिथुआनियाच्या स्मिर्नोव्हासने त्याला जवळजवळ आडवा केला होता, पंच बघत राहिले. तो जिंकला म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. त्याच वर्षअखेरीस अकियामाशी लढताना 'याचं अंग निसरडं आहे' म्हणून तो ओरडत होता, तरी झुंज चालूच. अकियामाने अंगाला लोशन चोपडलं होतं, हे मान्य झालं ते मार खाऊन झाल्यावर.

2015 मध्ये, 46 व्या वर्षीही, तो शिन्या आओकीचे ठोसे खात होता.

2017 मध्ये यूएफसीने त्याला हॉल ऑफ फेममध्ये बसवलं. तिथे तो लढला होता एकच रात्र. ग्रेसी आणि सिल्वाशी झुंजी लावणाऱ्या ज्या प्राइड या जपानी संघटनेसाठी त्याने रक्त सांडलं, तिला सत्कार करायला सवड नव्हती. यूएफसीच्या तेव्हाच्या मालकांनी 2007 मध्येच ती विकत घेतली होती.