मेलेला साक्षीदार आणि जादूगार साहेब

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनात एका माणसाचं मुंडकं उडवलेलं आहे. पहाऱ्यावरच्या पीटर ग्रँट या शिकाऊ शिपायाला प्रत्यक्षदर्शी साक्षीदारही सापडतो. अडचण एवढीच, की साक्षीदार शतकभरापूर्वीच वारलेला आहे.

बेन आरोनोविच यांच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (2011) या कादंबरीची ही सुरुवात वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. भुताचा जबाब घ्यायचा कसा? वयाच्या रकान्यात काय लिहायचं? कोर्टात समन्स कुठल्या पत्त्यावर धाडायचं? आणि ऐनवेळी फितूर झाला, तर कारवाई कोणावर? असं घबाड हाती लागलेलं असताना लेखक पीटरला मंत्रांसाठी लॅटिनच्या शिकवणीला बसवतात.

वास्तविक वरिष्ठ पीटरला कागद पुढे सरकवणाऱ्या विभागात टाकणार होते. त्यातून त्याला सोडवून चेला करून घेतात इन्स्पेक्टर नाइटिंगेल, म्हणजे मेट्रोपॉलिटन पोलिसांचे अधिकृत जादूगार. पण जादूचं शास्त्र सर आयझॅक न्यूटन यांनी सूत्रबद्ध केलेलं! हातावर साधा उजेडाचा गोळा उमटवायला आठवडेच्या आठवडे घोटून घ्यावं लागतं. वर मंत्र म्हटला की खिशातला मोबाइल जळतो. साहेबांचा फोन का लागत नाही, याला इतकं शास्त्रीय उत्तर आजवर कुठल्याही पोलीस ठाण्याने दिलेलं नाही.

तपासाचं म्हणाल तर खून ‘पंच अँड ज्युडी’ या बाहुल्यांच्या खेळाबरहुकूम पडत जातात. हा खेळ कॉव्हेंट गार्डनात पाहिल्याची नोंद सॅम्युअल पेपिसने 1662 सालीच डायरीत करून ठेवली आहे, आणि त्याची संहिता एकोणिसाव्या शतकापासून छापील मिळते. पुढचा बळी कोणता, हे पानं उलटून कळत असेल, तर पोलीस कशाला? ग्रंथपाल पुरे. शिवाय लंडनच्या नद्यांच्या देवतांमधल्या भांडणाचं कथानक वेगळंच वाहत राहतं. दोन्हींचा संगम काही नीट होत नाही.

नद्या मात्र झकास! थेम्सची देवी ही नायजेरियातून नर्स व्हायला आलेली बाई, आता पोरींच्या गोतावळ्यासह ऐसपैस नांदणारी. तिच्या घरी घोटभर जरी घेतलं, तरी माणूस तिच्या सेवेत अडकू शकतो, म्हणून पीटरला सक्त ताकीद आहे. भूत मी मानलं, मंत्रही मानले. पण चौकशीला गेलेला पोलीस समोर आलेला चहा नाकारतो, हे पटवायला लेखकाने आणखी दोन प्रकरणं तरी खर्च करायला हवी होती.